समुदायाच्या संकेतस्थळाला एक्सएमपीपी चॅट जोडताना: क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

सदस्यांकडे प्रतिसाद असतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) असतात, तरी ‘चॅट कधी सुरू करताय’ हा प्रश्न येतोच. मग अ‍ॅडमिन एखाद्या रविवारी कन्व्हर्स.जेएसच्या, म्हणजे ब्राउझरमधल्या चॅटखिडकीच्या, चार ओळी पानात चिकटवतो. कोपऱ्यात खिडकी दिसते आणि तिथेच गाडं अडतं. लॉगिन होत नाही. झालंच तर मिनिटाभरात तुटतं. लॅपटॉपवर चालतं ते फोनवर चालत नाही. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ खिडकीत नसतंच. पत्ता, प्रमाणपत्र आणि ओळख या तीन गोष्टी पक्क्या न करता खिडकी लावली, की तिन्हींच्या चुका एकाच ‘कनेक्शन फेल्ड’मध्ये दिसतात आणि नेमकं काय बिघडलंय ते कळायला मार्ग राहत नाही.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. टप्प्याच्या शेवटी तपासणी दिली आहे. ती जमल्याशिवाय पुढे सरकू नका.

एक्सएमपीपी म्हणजे चॅट सर्व्हर आणि क्लायंट (सदस्याचं अ‍ॅप किंवा खिडकी) यांच्यातली निरोपांची खुली बोली. उदाहरणासाठी मांडणी अशी धरली आहे: संकेतस्थळ पीएचपीवर (ड्रुपल किंवा तत्सम), चॅट सर्व्हर प्रोसॉडी ०.१२ किंवा त्यानंतरचा, मध्ये एनजिनएक्स (ब्राउझरच्या विनंत्या चॅट सर्व्हरकडे पोचवणारा वेब सर्व्हर), आणि ब्राउझरमध्ये कन्व्हर्स. ईजॅबरडी हा दुसरा चॅट सर्व्हर वापरत असाल तर सेटिंगांची नावं बदलतील, क्रम तोच राहील. डोमेन, आदेश आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत द्या.

## आधी ठरवायच्या गोष्टी

पहिली गोष्ट जागेची. शेअर्ड होस्टिंगवर चॅट सर्व्हर चालत नाही. पीएचपीचं पान विनंती आली की चालतं आणि उत्तर देऊन संपतं. चॅट सर्व्हरला मात्र चोवीस तास चालू राहून प्रत्येक सदस्याची जोडणी धरून ठेवायची असते, शिवाय ५२२२ आणि ५२६९ हे पोर्ट लागतात. छोटा व्हीपीएस (भाड्याचं आभासी यंत्र) घ्या. प्रोसॉडी हलका आहे. काही शे सदस्यांना एक जीबी रॅम पुरते. संकेतस्थळ आहे तिथेच राहू द्या, ते हलवायची गरज नाही.

बाकीचे प्रश्न तांत्रिक नाहीत, पण त्यांची उत्तरं नसतील तर सेटिंग भरताना हात थांबतो. संपादक मंडळाबरोबर बसून हे लिहून काढा:

- चॅट फक्त सदस्यांना की पाहुण्यांनाही? सुरुवातीला फक्त सदस्यांना द्या.
- संभाषणाचा साठा किती दिवस ठेवायचा? काहीच सांगितलं नाही तर प्रोसॉडी एक आठवडा ठेवतो.
- रूम (गटाने बोलायची जागा) कोण उघडणार, आणि रूममधून कुणाला बाहेर काढायचं हे कोण ठरवणार?
- दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसांशी बोलता येणार का?

साठ्याच्या मुदतीवर वाद होतात, होऊ द्या. मात्र जे ठरेल ते नियमावलीच्या पानावर लिहा. युरोपात राहणारे सदस्य असतील तर जीडीपीआर हा तिथला डेटा संरक्षण कायदा आहे, भारतात २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. दोन्हींचा सूर एकच, की माणसाचा डेटा कशासाठी आणि किती काळ ठेवता ते त्याला सांगा. २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव संकेतस्थळावर द्यावं लागतं. चॅटमधली भांडणंही आता त्याच माणसाकडे येणार आहेत, हे त्याला आधी विचारा. नंतर सांगितलंत तर तो राजीनामा देईल.

## टप्पा १: पत्ता ठरवणं आणि डीएनएस

एक्सएमपीपीचा पत्ता ईमेलच्या पत्त्यासारखा असतो: सदस्य@उदाहरण.ऑर्ग. यातला @ नंतरचा भाग एकदा ठरला की बदलायचा नाही. संपर्कयादी, रूममधलं सदस्यत्व, साठवलेले निरोप, सगळं त्या नावाला बांधलेलं असतं, आणि नाव बदललं की सगळे सदस्य नव्या जागी अनोळखी होतात.

इथली नेहमीची चूक अशी: सर्व्हर ‘चॅट.उदाहरण.ऑर्ग’ या यंत्रावर आहे म्हणून पत्तेही ‘@चॅट.उदाहरण.ऑर्ग’ ठेवले जातात. त्याची गरज नाही. पत्त्यात मूळ डोमेन ठेवा आणि यंत्र कुठे आहे ते डीएनएसमधल्या (डोमेनच्या नोंदवहीतल्या) एसआरव्ही नोंदीला सांगू द्या. क्रम असा:

१. सध्याच्या नोंदींचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवली जाते ती मुदत) आदल्या दिवशी ३०० सेकंदांवर आणा, म्हणजे चूक झाली तर दिवसभर वाट पाहावी लागणार नाही.
२. चॅट.उदाहरण.ऑर्गसाठी ए नोंद, म्हणजे नावाला आयपी पत्ता देणारी नोंद (आणि आयपीव्ही६ असेल तर एएएए) चॅट यंत्राकडे.
३. उदाहरण.ऑर्गखाली ‘_एक्सएमपीपी-क्लायंट._टीसीपी’ ही एसआरव्ही नोंद: लक्ष्य चॅट.उदाहरण.ऑर्ग, पोर्ट ५२२२.
४. फाइल पाठवण्यासाठी वेगळं उपनाव, उदाहरणार्थ ‘अपलोड’. ब्राउझर थेट तिथे जातो, म्हणून त्याला ए नोंद हवीच.
५. रूमचं उपनाव सर्व्हरच्या सेटिंगमध्ये असलं की पुरे. बाहेरच्या सर्व्हरशी बोलणार असाल तरच त्याला डीएनएस लागतं.

सावधान: एसआरव्हीचं लक्ष्य म्हणून आयपी पत्ता चालत नाही, सीनेम (दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) असलेलं नावही चालत नाही. संकेतस्थळ क्लाउडफ्लेअरसारख्या मध्यस्थामागे असेल तर चॅट यंत्राची नोंद त्या मध्यस्थीतून वगळा. नेहमीच्या योजनेत तो फक्त वेबची वाहतूक पुढे पाठवतो, ५२२२ नाही.

तपासा: ‘डिग’ या आदेशाने एसआरव्ही नोंद विचारा. एकदा यंत्रावरून, एकदा फोनच्या डेटावर असलेल्या लॅपटॉपवरून. दोन्हीकडे लक्ष्य आणि पोर्ट सारखे आले पाहिजेत.

## टप्पा २: प्रमाणपत्र कुणाच्या नावाचं

यंत्राचं नाव चॅट.उदाहरण.ऑर्ग, म्हणून प्रमाणपत्र त्याच नावाचं काढलं जातं, आणि मग फोनवरची अ‍ॅप ‘प्रमाणपत्र जुळत नाही’ म्हणतात. क्लायंट तपासतो ते पत्त्यातलं नाव. पत्ता सदस्य@उदाहरण.ऑर्ग असेल तर चॅट यंत्रावर उदाहरण.ऑर्गचं प्रमाणपत्र हवं, जरी ते नाव वेबसाठी दुसऱ्याच यंत्राकडे जात असलं तरी.

आता अडचण अशी की लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची सोपी पद्धत संकेतस्थळाच्या यंत्रावर फाइल ठेवून मालकी तपासते, आणि ते यंत्र दुसरं आहे. दोन मार्ग आहेत. डीएनएसमध्ये नोंद टाकून मालकी सिद्ध करायची पद्धत वापरा, म्हणजे चॅट यंत्र स्वतःच प्रमाणपत्र काढू शकेल. ते जमत नसेल तर संकेतस्थळाच्या यंत्रावर काढून, दर नूतनीकरणानंतर सुरक्षित मार्गाने चॅट यंत्रावर पाठवा. मी पहिला सुचवतो. दुसऱ्यात कॉपी करणारी स्क्रिप्ट एक दिवस मुकाट्याने बंद पडते.

प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. नूतनीकरण झालं तरी चालू सर्व्हर जुनंच स्मृतीत धरून बसतो. म्हणून नूतनीकरणाच्या हुकमध्ये (नूतनीकरणानंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) ‘प्रोसॉडीसीटीएल --रूट सर्ट इम्पोर्ट’ हा आदेश टाका. तो फाइल योग्य जागी, योग्य परवानग्यांनी ठेवतो आणि सर्व्हरला नवी वाचायला लावतो.

तपासा: पुढच्या टप्प्यात प्रोसॉडी बसवला, की सगळ्यात आधी ‘प्रोसॉडीसीटीएल चेक सर्ट्स’ चालवा. त्यात उदाहरण.ऑर्ग, रूमचं आणि अपलोडचं अशी तिन्ही नावं दिसली पाहिजेत.

## टप्पा ३: सर्व्हर आणि दोन खोटे सदस्य

प्रोसॉडी वितरणाच्या पॅकेजमधून बसवा. सेटिंगची फाइल एकच आहे. तिच्यात बघायच्या गोष्टी थोड्या:

- क्लायंटकडून खात्याची नोंदणी बंद. ही चालू राहिली तर काही दिवसांत स्पॅमचे बॉट खाती उघडतात आणि तुमचं डोमेन इतरांच्या काळ्या यादीत जातं.
- जोडणीला टीएलएसची (सांकेतिकीकरणाची) सक्ती.
- साठा (‘मॅम’), एकाच सदस्याच्या सगळ्या उपकरणांवर निरोपाची प्रत (‘कार्बन्स’), तुटलेली जोडणी पुन्हा सांधणारं ‘स्मॅक्स’, ब्लॉकलिस्ट, आणि ब्राउझरची जोडणी धरून ठेवणारं ‘वेबसॉकेट’ ही मॉड्यूलं चालू.
- बाहेरच्या सर्व्हरशी बोलणारं ‘एसटूएस’ सध्या बंद.

फायरवॉलमध्ये ५२२२ उघडा. ५२८० हा प्रोसॉडीचा साधा वेब पोर्ट आहे, तो फक्त त्याच यंत्रापुरता ठेवा.

संकेतस्थळाला अजून हात लावू नका. आदेशाने दोन तात्पुरती खाती तयार करा, गाजिम किंवा कॉन्व्हर्सेशन्ससारख्या अ‍ॅपमधून दोघांनी आत या आणि एकमेकांना मराठीत निरोप पाठवा. या घडीला वेब, टोकन (लॉगिनची तात्पुरती चिठ्ठी, टप्पा ४ बघा), खिडकी काहीच मध्ये नाही, त्यामुळे जे बिघडेल ते पहिल्या दोन टप्प्यांतलंच असेल.

तपासा: ‘प्रोसॉडीसीटीएल चेक’ लाल ओळ न देता संपला पाहिजे. दोन्ही खाती काम झालं की उडवा.

## टप्पा ४: ओळख जुळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खिडकी दहा वेळा बदलता येईल, ओळखीची रचना एकदा लोक आत आले की बदलता येत नाही.

### आयडी काय ठेवायचा

मराठी संकेतस्थळांवर सदस्यनामं देवनागरीत असतात, मध्ये जागा असते, कधी उद्गारचिन्हही असतं. एक्सएमपीपीच्या पत्त्यात @ च्या आधीच्या भागात जागा, अवतरणचिन्हं, &, /, :, <, >, @ यांतलं काहीच चालत नाही. रोमन लिपीतला कॅपिटल-स्मॉल भेदही उरत नाही.

देवनागरीचा खरा फास वेगळाच आहे. ‘बिऱ्हाड’ हे सदस्यनाम घ्या. एक कळफलक त्यातला र ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने आणि हलंताने लिहितो. दुसरा साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा जोडक टाकतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. युनिकोडचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही. त्यातही एक्सएमपीपीच्या जुन्या नियमांप्रमाणे चालणारे सर्व्हर आणि अ‍ॅप तो अदृश्य जोडक गाळून टाकतात. मग त्याच सदस्याचा ‘बिर्हाड’ होतो, रफारासकट. एका माणसाचे तीन आयडी, आणि यात डुआयडी काढायचा त्याचा काहीही हेतू नव्हता.

म्हणून पत्त्यात सदस्यनाम न घेता संकेतस्थळाच्या तक्त्यातला सदस्य क्रमांक घ्या: यू१०४७@उदाहरण.ऑर्ग (प्रत्यक्षात अक्षर आणि अंक दोन्ही रोमन ठेवा). सदस्याने नाव बदललं तरी पत्ता तोच राहतो. दिसायचं नाव वेगळं पाठवा. कन्व्हर्सला ते टोपणनाव म्हणून देता येतं. पत्ता रुक्ष दिसतो हे खरं. तुमच्याकडे सदस्यनाम फक्त रोमन लिपीत आणि कायमचं असेल तर ते घ्या, पण ‘कायमचं’ म्हणजे अ‍ॅडमिनलाही बदलता न येणारं.

### पासवर्डचं काय

तीन वाटा सुचतात, त्यातल्या दोन चुकीच्या.

चॅट सर्व्हरने संकेतस्थळाच्या डेटाबेसमधला पासवर्डाचा हॅश (उलटा न फिरवता येणारा ठसा) थेट वाचायचा, ही पहिली. एक्सएमपीपीच्या स्क्रॅम या लॉगिन पद्धतीला स्वतःच्या रीतीने काढलेल्या किल्ल्या लागतात. बीक्रिप्ट हॅशपासून त्या काढता येत नाहीत. शिवाय संकेतस्थळ अद्ययावत केलं की हॅशची पद्धत बदलू शकते. ड्रुपलने १०.१मध्ये ती बदललीच.

नोंदणीच्या वेळी तोच पासवर्ड दोन्हीकडे साठवायचा, ही दुसरी. सदस्य पासवर्ड बदलतो, एकीकडची नोंद मागे राहते, आणि ‘चॅट पासवर्ड घेत नाही’ असे व्यनि सुरू होतात.

तिसरी वाट टोकनची, तीच धरा. काम असं चालतं:

१. सदस्य संकेतस्थळावर नेहमीसारखा लॉगिन आहे. पान संकेतस्थळाच्याच एका पत्त्याकडे टोकन मागतं.
२. संकेतस्थळ सत्र तपासतं आणि सदस्य क्रमांक, मुदत आणि एक यादृच्छिक तुकडा घेऊन, गुप्त किल्लीने एचमॅक सही केलेलं टोकन देतं. मुदत दोन मिनिटं पुरते. टोकन फक्त आत शिरतानाच लागतं; आत गेलेली जोडणी पुढे चालू राहते.
३. कन्व्हर्स ते टोकन पासवर्डाच्या जागी चॅट सर्व्हरला देतो.
४. चॅट सर्व्हर एचटीटीपीने संकेतस्थळाला विचारतो: हे टोकन या सदस्याचं आहे का? उत्तर हो किंवा नाही.

इथे लॉगिनची ‘प्लेन’ (पासवर्ड जसाच्या तसा पाठवणारी) पद्धतच वापरावी लागते, म्हणून टीएलएसची सक्ती आधीच करून घेतली. चौथ्या पायरीतल्या पत्त्यावर फक्त चॅट यंत्राचा आयपी येऊ द्या.

फोनवरच्या अ‍ॅपला दोन मिनिटांचं टोकन उपयोगाचं नाही. सदस्याच्या प्रोफाइलमध्ये ‘चॅट अ‍ॅपसाठी पासवर्ड तयार करा’ असं बटण द्या. लांब, यादृच्छिक, एकदाच दिसणारा आणि हवा तेव्हा रद्द करता येणारा. संकेतस्थळाचा मुख्य पासवर्ड अ‍ॅपमध्ये घालायला कुणालाही सांगू नका.

### इथल्या तीन मोठ्या चुका

टोकनचं पान कॅशमध्ये जाणं. संकेतस्थळापुढे व्हार्निश किंवा ड्रुपलची पान-कॅश असेल आणि टोकनचा पत्ता वगळला नसेल, तर पहिल्या सदस्याचं टोकन पुढच्या दोन मिनिटांत येणाऱ्या प्रत्येकाला मिळतं. म्हणजे एकाच्या नावाने दुसरा आत. उत्तराच्या शीर्षकात ‘नो-स्टोअर’ द्या आणि कॅशच्या सेटिंगमध्येही तो पत्ता वेगळा काढा. दोन्ही करा.

सर्व्हरला अडवून धरणारी विचारणा. प्रोसॉडी एकाच धाग्यावर चालतो. पडताळणीचं मॉड्यूल उत्तर येईपर्यंत थांबून राहणारं असेल आणि संकेतस्थळ तीन सेकंद अडखळलं, तर त्या तीन सेकंदांत कुणाचाच निरोप जात नाही. न अडवणारा, म्हणजे ‘असिंक’ प्रकार निवडा.

बंदी अर्धवट लागणं. संपादकांनी आयडी गोठवला, नवं टोकन मिळणार नाही, पण आधीची जोडणी तशीच आहे आणि तो माणूस रूममध्ये बोलतोच आहे. आयडी गोठवण्याच्या कृतीलाच जोडून सर्व्हरला त्याची चालू जोडणी तोडायचा आदेश द्या आणि अ‍ॅपचा पासवर्डही रद्द करा.

तपासा: दोन ब्राउझर, दोन आयडी. टोकनचा पत्ता दोन्हीकडे लागोपाठ उघडा: टोकन वेगळी हवीत. लॉगआउट करून उघडा: ४०३ (प्रवेश नाही) आलं पाहिजे. एकाचं टोकन दुसऱ्याच्या क्रमांकासह वापरून पाहा: नकार आला पाहिजे. तीन मिनिटं जुनं टोकन वापरा: तिथेही नकारच. चाचणीतला एक आयडी गोठवा आणि त्याची खिडकी काही सेकंदांत तुटते का बघा.

## टप्पा ५: ब्राउझरचा रस्ता

ब्राउझर ५२२२वर बोलू शकत नाही. त्याला वेबसॉकेट लागतं, आणि ते ४४३वरून एनजिनएक्समार्फत प्रोसॉडीच्या ५२८०कडे न्यायचं असतं. हे चॅट यंत्रावरच्या एनजिनएक्समध्ये करा. लक्षणावरून चूक ओळखता येते, म्हणून इथे तसंच देतो.

जोडणी होतच नाही, ४०० किंवा ४२६ येतं: ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ ही शीर्षकं पुढे पाठवलेली नाहीत, किंवा मागच्या बाजूला एचटीटीपी १.१ लावलेलं नाही.

४०४ येतं: प्रोसॉडीला ‘होस्ट’ शीर्षकातलं नाव ओळखीचं नाही. मूळ होस्ट पुढे पाठवा आणि प्रोसॉडीला त्या नावासाठी कुठला आभासी होस्ट धरायचा ते सांगा.

जोडणी होते पण लॉगिनची कुठलीच पद्धत देऊ केली जात नाही: टीएलएस एनजिनएक्सपाशी संपलं, पुढचा तुकडा साधा आहे, म्हणून प्रोसॉडी पासवर्ड घ्यायला तयार नाही. ‘कन्सिडर_वेबसॉकेट_सिक्युअर’ हे सेटिंग त्यासाठीच आहे. ५२८० बाहेरून बंद आहे याची खात्री करूनच ते लावा.

कुणी बोललं नाही की बरोबर एका मिनिटाने तुटतं: एनजिनएक्सची वाचनाची मुदत मुळात ६० सेकंदांची आहे. ती पंधरा मिनिटांवर न्या आणि क्लायंटला मिनिटाच्या आत पिंग पाठवायला सांगा.

एकाने पाच वेळा चुकीचा प्रयत्न केला आणि सगळेच बाहेर: सर्व्हरला सगळे सदस्य एनजिनएक्सच्याच आयपीवरून आल्यासारखे दिसतायत. खरा आयपी शीर्षकातून पुढे पाठवा. एनजिनएक्स दुसऱ्या यंत्रावर असेल तर प्रोसॉडीच्या विश्वासू प्रॉक्सींच्या यादीत त्याचा पत्ता घाला.

तपासा: वेबसॉकेटचा पत्ता ब्राउझरमध्ये साध्या एचटीटीपीएसने उघडा. ‘इट वर्क्स’ अशी सुरुवात असलेलं छोटं पान आलं की रस्ता मोकळा आहे.

## टप्पा ६: आता खिडकी

कन्व्हर्सच्या फाइली स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवा. बाहेरच्या सीडीएनवरून (फाइली वाटणाऱ्या सेवेवरून) ओढल्या तर तिथल्या आवृत्तीबदलाने एखाद्या सकाळी खिडकी मोडते. फक्त लॉगिन असलेल्यांच्या पानावर घाला, आणि मुख्य मजकूर उतरल्यावर घाला. लेख वाचायला आलेल्या माणसाला चॅटसाठी ताटकळत ठेवू नका.

लॉगिनचा प्रकार ‘लॉगिन’, आपोआप लॉगिन चालू, आणि ‘क्रेडेन्शियल्स_यूआरएल’मध्ये टोकनचा पत्ता. टोकन थेट पानाच्या एचटीएमएलमध्ये छापू नका. ते दोन मिनिटांत शिळं होतं, आणि झोपेतून उठलेला लॅपटॉप पुन्हा जोडायला गेला की नकार खातो. पत्ता दिलेला असला की गरज पडेल तेव्हा ताजं टोकन मागता येतं.

सावधान: ‘रिसोर्स’ म्हणजे पत्त्याच्या शेवटी / नंतर येणारं उपकरणाचं नाव ठरावीक ठेवू नका. सदस्याने दोन टॅब उघडले की दुसरा पहिल्याला हाकलतो, पहिला परत जोडून दुसऱ्याला हाकलतो, आणि हे अखंड चालतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकाच आयडीचा ‘कॉन्फ्लिक्ट’ सेकंदासेकंदाला दिसला तर हेच कारण.

संकेतस्थळावर मजकूर-सुरक्षेचं धोरण, म्हणजे सीएसपी लावलेलं असेल तर त्यातल्या ‘कनेक्ट-एसआरसी’मध्ये वेबसॉकेटचा ‘डब्ल्यूएसएस’ने सुरू होणारा पत्ता घाला. हे राहिलं तर ब्राउझर जोडणी सर्व्हरपर्यंत पोचूच देत नाही, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये काहीच सापडत नाही. ब्राउझरचा कन्सोल उघडला की एका ओळीत कारण लिहिलेलं असतं.

कन्व्हर्स निरोप ब्राउझरच्या साठ्यात ठेवतो. ऑफिसातल्या किंवा घरातल्या सामाईक संगणकावर एकाचे निरोप दुसऱ्याला दिसू नयेत म्हणून लॉगआउटबरोबर साठा पुसण्याची सोय चालू करा, आणि संकेतस्थळाच्या लॉगआउट बटणाला चॅटचं लॉगआउटही जोडा. हे जोडलेलं नसलेली संकेतस्थळं पुष्कळ आहेत.

तपासा: लॅपटॉप अर्धा तास झोपवून उठवा. खिडकी स्वतःहून परत जोडली गेली पाहिजे आणि मधले निरोप क्रमाने दिसले पाहिजेत.

## टप्पा ७: रूम आणि नावं

रूम उघडायची मुभा फक्त अ‍ॅडमिनना ठेवा. सुरुवातीला दोन-तीन पुरेत. वीस रूम उघडल्या की प्रत्येकीत एक माणूस ‘कोणी आहे का’ म्हणून निघून जातो.

रूम कायमस्वरूपी करा, नाहीतर शेवटचा माणूस उठून गेला की ती नाहीशी होते. संकेतस्थळावरच्या खासगी ग्रुपची रूम ‘फक्त सदस्य’ प्रकारची हवी, आणि तिची यादी ग्रुपच्या यादीवरून आपोआप भरली पाहिजे. यादी हाताने राखायला गेलात तर ग्रुप सोडलेले लोक रूममध्ये वर्षभर बसून राहतात.

सार्वजनिक रूममध्ये खरा पत्ता फक्त संचालकांना दिसेल असं ठेवा. दाखवायचं नाव मात्र क्लायंट काहीही पाठवू शकतो. कुणीतरी संपादकाचंच नाव लावून येणार, अदृश्य जोडक घालून तर हमखास. प्रोसॉडीत सदस्याच्या नावावर टोपणनाव राखून ठेवता येतं आणि तेच वापरायची सक्तीही करता येते. ती करा.

एक छोटी गोष्ट मर्यादांबद्दल. प्रोसॉडीच्या नमुना सेटिंगमध्ये क्लायंटला सेकंदाला १० केबी इतका वेग दिलेला असतो. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेतं, त्यामुळे कुणी अख्खा लेख चिकटवला तर तो रोमनपेक्षा बराच आधी या मर्यादेला लागतो. निरोप हरवत नाही, उशिरा पोचतो. तक्रारी आल्या तर मर्यादा थोडी वाढवा, काढून टाकू नका. साठा मायएसक्यूएलमध्ये ठेवणार असाल तर तक्ते ‘यूटीएफ८एमबी४’चेच हवेत, नाहीतर इमोजी आला की निरोप साठवला जात नाही.

## टप्पा ८: फोन आणि बाहेरचं जग

अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स, आयफोनवर मोनल. आयफोनवर अ‍ॅप मागे गेलं की जोडणी टिकत नाही, म्हणून सर्व्हरवर पुश सूचनांचं ‘क्लाउड_नोटिफाय’ मॉड्यूल हवंच. पुश अ‍ॅपच्या सर्व्हरमार्फत जातं, आणि पुश सूचना पाठवायला प्रोसॉडीला त्या सर्व्हरशी बोलावं लागतं. म्हणजे एसटूएस पूर्ण बंद ठेवून आयफोनवर सूचना मिळणार नाहीत. हे बऱ्याच जणांना खूप उशिरा कळतं.

तेव्हा एसटूएस उघडायची वेळ इथे येते. ५२६९ उघडा, ‘_एक्सएमपीपी-सर्व्हर._टीसीपी’ची एसआरव्ही नोंद घाला, रूमच्या उपनावालाही डीएनएस द्या. आधी फक्त ठरावीक सर्व्हरांची यादी चालू ठेवा. अ‍ॅपचे पुश सर्व्हर त्यात घाला. सगळ्यांसाठी दार उघडाल तेव्हा अनोळखी पत्त्यांवरून संपर्काच्या विनंत्या येऊ लागतील. ब्लॉकचं बटण खिडकीत सहज सापडतं ना, ते त्याआधी बघा.

## टप्पा ९: सगळ्यांना सांगण्याआधी

दहा-पंधरा सदस्यांना आठवडाभर वापरू द्या. त्यात एक परदेशातला, एक जुना फोन वापरणारा आणि एक कायम तक्रार करणारा हवा. तिसरा सगळ्यात उपयोगी.

एका प्रक्रियेला उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा पुष्कळदा १०२४ असते, आणि प्रत्येक जोडणी त्यातली एक जागा घेते. रोज ऐंशी लोक असतील तर प्रश्न नाही. गणपतीत आरतीच्या थेट प्रक्षेपणाबरोबर किंवा २७ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला सगळे एकदम येतात, प्रत्येकाचे दोन टॅब आणि एक फोन, तेव्हा मर्यादा संपते आणि नवे लोक आत येत नाहीत. सिस्टमडीच्या सेवेत ती आधीच वाढवून ठेवा.

बॅकअपमध्ये तीन गोष्टी: सेटिंगची फोल्डर, डेटाची फोल्डर (किंवा डेटाबेस), आणि टोकनची गुप्त किल्ली. किल्ली विसरतेच. बॅकअप दुसऱ्या यंत्रावर एकदा प्रत्यक्ष उभा करून त्यात लॉगिन करून बघा.

लॉगची पातळी ‘इन्फो’ ठेवा. ‘डीबग’मध्ये निरोपांचा मजकूर फाइलीत उतरू शकतो, आणि साठ्याची ठरवलेली मुदत त्या फाइलीला लागू होत नाही. काही शोधायला डीबग लावलाच तर काम झाल्यावर बंद करा आणि ती फाइल पुसा.

प्रमाणपत्राचं पहिलं नूतनीकरण साधारण साठाव्या दिवशी येतं. तोवर ‘प्रोसॉडीसीटीएल चेक’ आठवड्यातून एकदा चालवा. ते नूतनीकरण हात न लावता पार पडलं की महिन्यातून एकदा पुरे.